रिकाम्याने उतरावं

माझ्या सायकलीला घंटी नाही. का नाही, असं कुणी विचारलं की मी म्हणतो, "मला तोंड आहे." घरातले एकमेकांकडे बघतात. म्हातारा तिरसट आहे असं त्यांचं मत आहे, आणि ते खोटं नाही. पण हा तिरसटपणा म्हातारपणाने आलेला नाही. तो आला तेव्हा मी तिशीच्या आतला होतो, सायकलीला आम्ही पायगाडी म्हणत होतो, आणि ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या साऱ्या पायगाड्या हाताच्या बोटांवर मोजता आल्या असत्या.

मी तेव्हा खाडीकाठच्या एका लहानशा टपालकचेरीत कारकून होतो. कचेरीचं नाव सांगत नाही, कारण जे घडलं त्यात कचेरीचा काही दोष नव्हता. दोष कुणाचा ते पुढे येईलच.

सकाळची पहिली आगगाडी टपाल टाकून गेली की आमच्याकडून शीळ गावाच्या बाजूची थैली निघायची. ती न्यायचा हलकारा. हलकारा म्हणजे धावत टपाल नेणारा माणूस: खांद्यावर थैली, हातात भाला आणि भाल्याच्या मानेला घुंगरांचा झुबका. आमचा हलकारा कोपरच्या बाजूचा, शेलाट्या अंगाचा, चाळिशीचा. त्याचा बापही हलकारा होता. वयाने तो माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा, पण मी कारकून आणि तो हलकारा, म्हणून मी त्याला 'अरे' म्हणायचो आणि तो मला 'मास्तर' म्हणायचा. मला त्यात काही खटकत नसे. हे मी मुद्दाम सांगतो आहे.

त्याची वाट कोपरहून शीळकडे जाणाऱ्या बांधावरून जायची. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला खाजणातली भातशेतं आणि मधे हा बांध. भरतीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून गावकऱ्यांनी तो माती-दगडांनी घातलेला, आणि दरवर्षी त्याची डागडुजीही तेच करायचे. बांधाच्या साधारण मध्यावर उघाडी होती. उघाडी म्हणजे लाकडी दाराची मोरी. पावसाचं पाणी तिच्यातून बाहेर सोडायचं आणि खाडीचं पाणी तिच्यापाशी अडवायचं. तिच्या दोन्ही बाजूंना दगड रचलेले होते.

बांधाची रुंदी अशी, की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला उतरावं लागे. कुणी उतरायचं हे ठरलेलं होतं. रिकाम्याने उतरायचं, वझेवाल्याने, म्हणजे ज्याच्याकडे ओझं आहे त्याने, चालत राहायचं. तिथे वय चालत नसे, मान चालत नसे. रिकाम्या हाताने येणारा गावचा पाटील समोरून गवताचा भारा येताना दिसला, की धोतर वर खोचून शेताच्या चिखलात उतरायचा आणि भारा पुढे गेला की वर यायचा. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. कुणी कुणाचे आभार मानत नसे, कारण त्यात आभार मानण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटतच नसे.

या रिवाजाला अपवाद एकच. घुंगरू वाजलं की सगळ्यांनी उतरायचं, डोक्यावर भारा असला तरी. हलकारा थांबत नाही आणि वाकडा जात नाही. दुसऱ्या हलकाऱ्यासमोरही तो बाजूला होत नसे, कारण समोरून शीळचा हलकारा आला तर दोघांनी सरळ एकमेकांकडे धावत यायचं आणि थैल्यांची अदलाबदल करून मागे फिरायचं. बहुतेक वेळा हे उघाडीपाशी व्हायचं. एखादा लवकर आला तर तो उघाडी ओलांडून पुढे यायचा. आमचा हलकारा घुंगरू ऐकलं की धावतानाच थैली खांद्यावरून काढून दोन्ही हातांवर घ्यायचा आणि भाला काखेत मारायचा. पळभरही फुकट जाऊ नये म्हणून.

आता आम्ही. नौपाड्यात एक वकील होते. हवा भरलेल्या रबरी धावांची नवी पायगाडी त्यांच्याकडे होती. माझ्याकडे विलायतेला परत गेलेल्या एका साहेबाची जुनी गाडी होती, लोखंडाचं धूड नुसतं. आणखी दोघे ठाण्याचेच नोकरदार. कोर्टाला सुटी असली की वकील आणि ते दोघे गाड्या आगगाडीत चढवून डोंबिवलीला यायचे, मी त्यांना मिळायचो आणि आम्ही चौघे बांधावर जायचो. गाडीरस्त्यावर बैलगाड्यांच्या चाकोऱ्या आणि ढोपरभर फुफाटा. बांध मात्र लोकांच्या पायांनी तुडवून तुडवून घरातल्या जमिनीसारखा झालेला. बांध त्यांनी घातला, पायांनी तो त्यांनी घट्ट केला, आणि आयत्या बिळावर नागोबा होऊन आम्ही बसलो.

वकिलांना शिस्तीची फार आवड. त्यांनी पायगाडीवाल्यांनी कसं वागावं याचे नियम एका मोठ्या कागदावर सुवाच्य अक्षरात लिहून काढले होते आणि चहा पिताना ते आम्हाला वाचून दाखवले होते. पुढच्या गाडीला ओलांडताना आधी सांगावं. कुणाची हवा गेली तर सगळ्यांनी थांबावं. समोरून पायगाडीवाला आला तर दोघांनीही वेग कमी करावा आणि टोपीला हात लावावा. आम्ही हे सगळं मनापासून पाळत असू. एकदा माझी साखळी निघाली तर वकील स्वतः गुडघ्यावर बसून मला मदत करत होते, हात काळे होईपर्यंत. माणूस वाईट होता असं म्हणायची सोय नाही, आणि म्हणूनच आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. त्या एवढ्या मोठ्या कागदावर पायी चालणाऱ्याबद्दल एक ओळ नव्हती. आमची सगळी सभ्यता चाकावर बसलेल्यांपुरती. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

बांधावर आमची एक अडचण व्हायची. मागून घंटी वाजवली की डोक्यावर भारा घेतलेली बाई उतरायची नाही, ती वळायची. भारेवालीला नुसती मान वळवता येत नाही. ती अख्खी वळते आणि तिच्याबरोबर हातभर बाहेर आलेला भारा वळतो. तो भारा एकदा वकिलांच्या तोंडावर बसला. घंटी म्हणजे काय आणि ती कुणाची, हे त्या बायांना कुणी सांगितलंच नव्हतं. आम्ही उतरून, जरा थांबून, दोन शब्दांत सांगू शकलो असतो. आम्ही रिकामे होतो. बांधाच्या रिवाजाने उतरायचं आम्हीच होतं. पण हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

"या लोकांना वाट सोडायची अक्कलच नाही," वकील तोंडावरचं गवत झाडत म्हणाले.

"सोडतात की," मी म्हणालो. "घुंगरू ऐकलं की पटकन सोडतात. हलकाऱ्याला अख्खा बांध मोकळा मिळतो."

वकील म्हणाले, "घुंगरू मिळतील का?"

मिळतील, असं मी म्हणालो. मला कुणी गळ घातली नाही, धाक घातला नाही. नौपाड्याचे वकील आपल्याकडे काहीतरी मागतात याचाच मला आनंद झाला होता.

त्याच पावसाळ्यात हलकाऱ्याच्या जुन्या भाल्याची काठी मोडली होती. सरकारातून नवा भाला आला आणि जुना त्याने माझ्याकडे जमा केला. देताना त्याने झुबका एकदा हलवला. इतर घुंगरांच्या छनछनाटात एक घुंगरू खर्र खर्र करत होतं.

"यातला येक बसलाय, मास्तर," तो म्हणाला. "पन माज्या बापाचा हाय. फेकू नका."

मी तो भाला माळ्यावर टाकला होता. वकिलांनी विचारल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी माळ्यावर चढलो, झुबका सोडवला, कागदात गुंडाळला आणि पुढच्या सुटीला त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो गाडीच्या दांड्याला बांधला.

जादू झाली म्हणायची. छन्न खर्र, छन्न खर्र असा आवाज करत वकील पुढे आणि मागे आम्ही तिघे, आणि समोरचा बांध भराभर मोकळा होत चालला होता. भारेवाल्या उतरत होत्या, मिठाच्या पाट्या घेतलेली माणसं उतरत होती, एक म्हातारा तर घाईने उतरताना चिखलात बसलाच. आम्ही पोट धरून हसलो. मीही हसलो. बसल्या जागी त्या म्हाताऱ्याने हात जोडले होते, टपालाला. आम्ही गेल्यावर त्याला उठवायला कोण आलं, ते मला माहीत नाही.

भारा घेऊन उतरणं म्हणजे काय, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. पुढे एकदा करून पाहिलं. ओल्या गवताचा भारा डोक्यावर असला की पाय दिसत नाहीत. निसरडा उतार अंगठ्याने चाचपत जायचं. एकदा खाली गेलं की चिखल पोटरीला धरतो, आणि वर यायचं तर कुणीतरी हात द्यावा लागतो किंवा भारा टाकून पुन्हा उचलावा लागतो. एका भाऱ्याला हे एवढं. आणि आमचं काय, तर गार वाऱ्यात हिंडायची हौस.

दोन-तीन महिन्यांनी मी एकटाच बांधावरून येत होतो. उघाडीपाशी गाडी हातात धरून चालत होतो, तेव्हा एक वयस्क भारेवाली माझ्यासमोर थांबली. मी ओळखीचा होतो. तिच्या मुलाचं पत्र आलं की मी तिला वाचून दाखवायचो.

"मास्तर," ती म्हणाली, "घुंगुर वाजला का आमी उतरतो. कनाला उतरतो? थैलीत कोनाचा तरी सांगावा असंल म्हनून. माजा पोरगा गिरनीत हाय. तुमच्या गारीत काय हाय?"

मी काहीतरी गुळमुळीत बोललो. ती ऐकायला थांबलीच नाही. पुढच्या भेटीत मी वकिलांना म्हणालो की लोक नाराज आहेत, घुंगरू काढावेत का. ते म्हणाले, "होईल त्यांना सवय." आणि मी तोंडात मूग धरून बसलो. झुबका माझ्या कचेरीचा, माळा माझा, चोरी माझी. मला हात पुढे करून तो सोडवता आला असता.

कोर्टाला नाताळची सुटी लागली. नौपाड्यात माझी सासुरवाडी. मी रजा टाकून गाडीसकट तिथे गेलो होतो. वकिलांनी बेत काढला, की या खेपेला उलट जायचं. पहिल्या आगगाडीने मुंब्र्याला उतरायचं, शीळच्या अंगाने बांधावर शिरायचं आणि कोपरला निघायचं. आम्ही चौघे पहाटे गाडीत बसलो. त्याच गाडीत, पुढच्या डब्यात, माझ्या कचेरीचं टपाल होतं. आम्ही मुंब्र्याला उतरलो आणि टपाल पुढे गेलं.

हे मला ठाऊक होतं. गाडी किती वाजता पोचते, टपाल निवडायला किती वेळ लागतो, हलकारा किती वाजता निघतो आणि बांधावर केव्हा कुठे असतो, हे माझ्याइतकं त्या मुलखात कुणालाही ठाऊक नव्हतं. ते माझं रोजचं काम होतं.

खाजणावर दाट धुकं पडलं होतं. ऊन वर आलं होतं पण खाली दोन काठ्यांपलीकडचं दिसत नव्हतं. वकील पुढे, मी त्यांच्या मागे, बाकीचे दोघे आमच्या मागे. उघाडी मागे पडली. बांध रिकामा होता आणि वकील मजेत होते. छन्न खर्र, छन्न खर्र.

आणि समोरून घुंगरू वाजलं.

एका तालात, जवळ येत जाणारं. मी ते तत्क्षणी ओळखलं. पुढे जे झालं ते व्हायला फार वेळ लागला असं मला अजून वाटतं. निदान 'थांबा' म्हणायला पुरेल एवढा वेळ तरी नक्कीच होता. मला वाटलं, आता वकील थांबतील. वकिलांना वाटलं, येणारा उतरेल, कारण घुंगरू ऐकून आजवर प्रत्येक जण उतरला होता. आणि येणाऱ्याला वाटलं, शीळचा हलकारा लवकर आला.

तो धुक्यातून बाहेर आला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांवर थैली होती, द्यायला पुढे केलेली. भाला काखेत. चेहऱ्यावर ओळखीचं हसू. ते हसू मी पाहिलं.

चाक त्याच्या गुडघ्याखाली बसलं. तो आवाज मी लिहीत नाही. वकील उडून शेताच्या बाजूला मऊ चिखलात पडले. तो दगडांवर पडला, खाडीच्या बाजूला, आणि पडतानाही त्याने थैली छातीवर धरली होती.

वकील उठले आणि त्यांनी आधी चाक पाहिलं. मग म्हणाले, "याला ऐकू येत नाही का?"

ज्याचं सगळं आयुष्य कानावर चाललं होतं त्या माणसाबद्दल हे शब्द. तेव्हाच त्यांना बांधावरून पुन्हा खाली ढकलायला हवं होतं. पण मी धावलो हलकाऱ्याकडे, आणि त्याने मला काही बोलूच दिलं नाही. पांढराफटक पडला होता, ओठ चावत होता, आणि थैली माझ्यापुढे करत होता.

"थैली घ्या, मास्तर. कोरडी हाय. शीलवाला येलच उघाडीवं."

मी थैली घेतली आणि माझ्या गाडीवर बसून उघाडीकडे गेलो. त्याला तिथे तसाच टाकून. बाकीचे तिघे आहेत, बघतील, असं स्वतःला सांगत. शीळचा हलकारा आला, थैल्या बदलल्या आणि मी परत फिरलो. तेवढ्या वेळात ते तिघे निघून गेले होते. वाकडं चाक खांद्यावर घेऊन, एकमेकांना मदत करत. त्यांच्या नियमांत तसं होतंच. हलकाऱ्याजवळ चार भारेवाल्या होत्या. त्यांनी भारे खाली टाकले होते, लुगड्याची झोळी केली होती आणि त्याला उचलत होत्या. ती वयस्क बाई त्यांच्यात होती. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि झोळीचं टोक खांद्यावर घेतलं. मी शीळची थैली घेऊन कचेरीत गेलो. त्या दिवशी थैली वेळेवर पोचली, अशी नोंद आहे. मी रजेवर होतो, तरी ती माझ्याच अक्षरात आहे.

चौकशीला वरचे साहेब आले. चोराच्या उलट्या बोंबा कशा असतात ते मी त्या दिवशी ऐकलं. वकिलांनी लेखी जबाब आणला होता. "हलकारा वाटेच्या मधोमध होता, इशारा देऊनही बाजूला झाला नाही, माझी गाडी मोडली." इशारा कशाचा, ते त्यात नव्हतं. घुंगरांचा झुबका दांड्यावरून केव्हाच निघाला होता. दोन दिवसांपूर्वी तो त्याच जुन्या कागदात बांधून वकिलांनी माझ्या टेबलावर ठेवला होता आणि "आता हे लचांड नको" म्हणून निघून गेले होते. साहेब चौकशी करत होते तेव्हा तो माझ्या खणात होता, माझ्या गुडघ्यापासून वीतभर लांब.

साहेबांनी मला विचारलं, "तुम्ही हलकाऱ्याचे घुंगरू ऐकलेत?"

"हो."

"कुठून?"

"समोरून."

झालं. एक अक्षर खोटं बोललो नाही. खोटं बोलणाऱ्याला निदान जिभेला काही कष्ट पडतात.

मग हलकाऱ्याला आत आणलं. दोघांनी धरून. पायाला बांबूच्या कामट्या बांधलेल्या. साहेबांनी विचारलं, "घंटीवाल्या वाहनापुढून तू बाजूला का झाला नाहीस?"

"मना वाटला शीलचा हलकारा आला."

"असं का वाटलं?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. टपाल घेताना बघायचा तसंच, थैली बांधून झाली का हे विचारल्यासारखं. मग त्याने मान खाली घातली.

"धुका व्हता, सायब. चूक झाली."

चूक झाली म्हटल्यावर साहेबांचं काम सोपं झालं. निष्काळजीपणा असा शेरा पडला आणि हलकाऱ्याची नोकरी गेली. पाय वाकडा जुळला. ज्याच्या बापापासून घरात घुंगरू वाजत होतं, त्या घरातून ते गेलं.

महिनाभराने मी त्याच्या घरी गेलो. खणातला झुबका बरोबर नेला. तो ओट्यावर बसून दोर वळत होता. मी कागद त्याच्या पुढ्यात ठेवला. त्याने सोडला, झुबका उचलला, कानाजवळ नेऊन एकदा हलवला. छन्न खर्र.

"माजाच," तो म्हणाला. "त्या दिशी धुक्यात ऐकला न् मना वाटला, माजा जुना भाला तुमी शीलवाल्याला दिला. बरा वाटला. बापाचा घुंगुर वाटंला लागला म्हनून. मंग गारी आंगावं आली, तवा कललं."

म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं. साहेबांसमोर उभा असताना, पडल्या क्षणी, थैली माझ्या हातात देताना. झुबका माझ्याखेरीज कुणी दिलेला असूच शकत नाही, हे त्याला ठाऊक होतं.

"मग साहेबांना का सांगितलं नाहीस?" मी जवळजवळ ओरडलोच. मला त्याचाच राग आला होता. इतका नालायक झालो होतो मी.

"सांगून काय? तुमीबी गेला असतात. दोघं गेल्यावं थैली कोन बांधंल?"

त्याने मला शिव्या द्यायला हव्या होत्या. चार लोकांत माझी अब्रू काढायला हवी होती. मी त्याच्याकडे तेच मागायला गेलो होतो, हे मला तिथे बसल्यावर कळलं. त्याने मला ताक दिलं आणि नवा हलकारा पाऊल कसं टाकतो ते विचारलं. घरी जाऊन मी गाडीची घंटी पान्याने काढली आणि खाडीत टाकली, आणि फार मोठं काहीतरी केलं असं मला वाटलं. साहेबांना पत्र लिहायचं मात्र राहिलं. एकदा लिहिलं, ते फाडलं. पेन्शन घेईपर्यंत मी त्याच टेबलावर थैल्या बांधल्या.

वकिलांचं म्हणाल, तर त्यांनी कागदावर एक नियम वाढवला: धुक्यात पायगाड्यांनी एकमेकांत जास्त अंतर ठेवावं. नंतर मी त्यांच्याबरोबर गेलो नाही. करून सवरून नामानिराळे राहिले म्हणून त्यांच्या नावाने मी आजवर पुष्कळ बोटं मोडली आहेत. पण समोरासमोर वाजणाऱ्या घुंगरांचा अर्थ त्यांना ठाऊक नव्हता. मला होता.

दोन पावसाळे गेले. मी बांधावर गाडीवर बसणं सोडलं होतं. उतरून, गाडी हातात धरून चालायचो. गावाने हलकाऱ्याला उघाडीचं काम दिलं होतं, भरती-ओहोटी बघून दार लावायचं आणि काढायचं. एके दिवशी मी कोपरकडून जात होतो आणि तो समोरून आला. हातात नुसती काठी, पाय ओढत. आमच्यात वीस पावलं उरली तेव्हा तो थांबला, काठी खाली रोवली आणि तो वाकडा पाय आधी टाकत चिखलात उतरू लागला.

"उतरू नका," मी म्हणालो. त्याला 'नका' म्हणण्याची माझी ती पहिलीच वेळ. "तुम्ही वर या. मी उतरतो."

तोवर तो खाली पोचला होता. चिखल घोट्याच्या वर आलेला. त्याने माझ्या हातातल्या पायगाडीकडे बोट दाखवलं.

"तुमच्याकरं वझा हाय, मास्तर," तो म्हणाला. "मी रिकामा."

तो खाली उभाच होता, मी जाईपर्यंत वर येणार नव्हता, आणि मी जितका थांबेन तितका त्याचा पाय चिखलात राहणार होता. म्हणून मी गाडी ढकलत त्याच्यासमोरून पुढे गेलो.